चाखायचं नाही, फक्त शिजवायचं

मटण शिजवायचं मी आणि खायचं इतरांनी, ही रीत आमच्या घरात कोणी काढली ते मला पक्कं ठाऊक आहे. ती काढली माझ्या धाकट्या दिरांनी. ते अजून ठणठणीत आहेत, आमच्यातच राहतात आणि दोन्ही वेळा माझ्या हातचं जेवतात.

आम्ही कुंभकोणमचे मराठे. आमचे लोक तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी, देवघरात विठोबा आणि रविवारी मटण. यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नाही. विठोबालाही वाटलं नसावं, कारण त्याने कधी तक्रार केली नाही.

माझा नवरा गेला तेव्हाची गोष्ट. तेराव्याचं जेवण उरकलं होतं, पाहुणे पांगले होते, मी परसात भांडी घासत बसले होते. दीर आले ते तुळशीची माळ घेऊनच.

"वहिनी, ही घाला. आता तुम्हाला मटण-मासळी वर्ज्य. आपल्यात असंच असतं."

माझे हात राखेने भरलेले. त्यांनीच माळ गळ्यात घातली आणि निघून गेले. कुठल्या आपल्यात असंच असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझी सख्खी मावशी पट्टीश्वरमला राहायची. ऐन तारुण्यात विधवा झाली आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत कावेरीची मासळी खात राहिली. ती आपल्यातली नव्हती का? पण घरातलं माणूस गेलेलं, बोलायची ती वेळ नव्हती. नंतर वेळ कधी आलीच नाही. रविवार मात्र येत राहिले.

पहिल्याच रविवारी दीर मटणाची पिशवी घेऊन परसात हजर झाले. मी पिशवीकडे पाहिलं, मग गळ्यातल्या माळेकडे बोट दाखवलं.

"शिजवायला चालतं वहिनी," ते म्हणाले. "हात लागला तर काही होत नाही. तोंडात जाता कामा नये."

हे शास्त्र त्यांनी कुठे वाचलं देव जाणे. खरं कारण एवढंच की जावेला आणि माझ्या सुनेला मटण करता येत नव्हतं, आणि सुनेला अजूनही येत नाही. पुढे काही वर्षांनी दिरांची बायको गेली. तिच्या तेराव्यानंतर त्यांच्या गळ्यात कोणी माळ घातली का? नाव नको. त्याच रविवारी त्यांनी परसाच्या दारातून विचारलं, "वहिनी, आज काय बेत?"

तर इतकी वर्षं मी न चाखता मटण शिजवत आले. सोपं नसतं ते. पाणी किती आटलं ते आवाजावरून कळतं, मसाला भाजला की नाही ते वासावरून कळतं, पण मिठाला वास नसतो. त्यावर घरात अशी युक्ती निघाली की मी झाकणावर थोडा रस्सा काढायचा, सुनेने चाखायचा आणि सांगायचं. सून नेहमी एकच सांगते, "बरं आहे, आत्याबाई." खारट असलं तरी बरं आहे, अळणी असलं तरी बरं आहे. मग मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. भुवई वर गेली तर मीठ जास्त, नुसतंच गिळलं तर कमी. दुसऱ्या बाईच्या भुवईवर मी माझा स्वयंपाक चालवला.

आणि नळी! मटणातली नळी मला फार आवडायची. नवरा असताना नळी माझी, हे घरात ठरलेलं होतं. तो गेल्यावर ती दिरांच्या पानात जायला लागली. ते नळी ताटावर आपटून आपटून मगज काढतात. तो आवाज मी दर रविवारी चुलीपाशी दहीभात खात ऐकला आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी नातसून.

माझा मुलगा सिंगापुरात असतो, सून इथे माझ्याजवळ. त्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, आयर्लंडात एका इस्पितळात नर्स आहे. तिथेच त्याने तिथल्या एका मुलीशी लग्न केलं. पोंगल झाल्यावर तो तिला घेऊन पहिल्यांदा घरी आला. पोरगी उंच, ठिपक्याठिपक्यांच्या कातडीची, बोलायला मऊ. मला 'आज्जी' म्हणायला शिकून आली होती. वाढलं ते सगळं हसून खायची, मग मागच्या दारी जाऊन तांब्याभर पाणी प्यायची. तिखटाने डोळ्यांना धार लागलेली असायची. काही दिवसांनी तिला ताप भरला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. इडली नको, तांदळाची कंजी नको, काहीच नको.

मी नातवाला म्हटलं, "विचार तिला, काय खावंसं वाटतं. लाजू नको म्हणावं."

ती लाजली, मग बोलली. तिची आई घरी एक रस्सा करते. मांस, बटाटे, गाजरं, कांदे, सगळं एकाच भांड्यात मंद आचेवर दुपारभर शिजतं.

"कसलं मांस?" मी विचारलं.

नातू खाली बघून म्हणाला, "बीफ, आज्जी."

दीर ओसरीवर पेपर वाचत होते. कानाने त्यांना कमी ऐकू येतं म्हणतात, पण हा शब्द बरोबर ऐकला. ताडकन उठून आत आले. नुकताच माट्टुपोंगल, म्हणजे इकडचा गाईबैलांचा सण, झालेला, गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या बैलाच्या शिंगांवरचा निळा रंगही अजून उडाला नव्हता. त्यांनी त्या बैलाचं नाव घेतलं, विठोबाचं घेतलं, सात पिढ्यांचं घेतलं. पोरगी घाबरून नातवाच्या मागे सरकली. तिला वाटलं तिने कोणाला शिवी दिली.

या गोष्टीवर मी भांडले नाही. घरात जे कधी आलं नाही ते माझ्या चुलीवर आणायची मला हौस नव्हती. मी म्हटलं, "ओरडू नका. मटणाचं करीन." पोरीनेच मग सांगितलं की तिची आजी डोंगराकडची, ती हाच रस्सा म्हाताऱ्या मेंढीचा करायची. झालं, प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने फोनवर तिच्या आईला बोलावलं, तिकडे अजून पहाट होती. फोन परसातल्या दगडी कुंडीला टेकवून ठेवला. पडद्यावर पिकल्या केसांची, जाड लोकरीचा सदरा घातलेली बाई. नात्याने माझ्या मुलाची विहीण, म्हणून मी तिला विहीणबाईच म्हटलं. तिला ते काय कळणार, पण ती हसली. नातू मध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगू लागला.

"मटण पिठात घोळवून लोण्यात लाल करा म्हणते."

"मसाला कोणता?"

"काही नाही. मिरी."

"धणे?"

"नाही."

"आलं-लसूण तरी?"

"लसूण घाला म्हणते, थोडी."

"अरे, मग हे बाळंतिणीचं जेवण झालं की!"

त्याने ते तसंच सांगितलं असावं, कारण विहीणबाई मोठ्याने हसली आणि मान डोलवली. मग म्हणाली, एका जातीच्या पानांचा वास हवा. त्या पानांचं नाव मला ओळखीचं नव्हतं. ती कशी लागतात ते नातसुनेने हात हलवून सांगितलं, मी कुंडीतलं ओव्याचं पान तोडून तिच्या नाकाशी धरलं. तिने डोळे मिटून वास घेतला आणि "हो हो" म्हणाली. रस्सा दाट व्हायला बार्ली हवी होती. ती घरात होती, लघवीला जळजळ झाली की तिचं पाणी देतात ना, तीच. शेवटी विहीणबाई म्हणाली, काळी बिअर ओता.

ओसरीवर पेपर फडफडला.

"बिअर नको," मी म्हटलं. "का घालतात ती?"

"थोडी कडवट चव येते, रंग येतो."

मग मी सकाळच्या कॉफीचं उरलेलं डिकॉक्शन घातलं, पळीभर, आणि गुळाचा खडा. कडू पाहिजे तर कडू, काळं पाहिजे तर काळं. विहीणबाईने कपाळाला हात लावला, पण ती बाई समजूतदार निघाली. म्हणाली, "बघा घालून."

पातेलं उकळायला लागलं. वास बरा येत होता. ओळखीचा नव्हता, पण बरा. तेवढ्यात विहीणबाई म्हणाली, "आता चाखा."

मी ऐकलं न ऐकलं केलं. ती पुन्हा म्हणाली. मी झाकणावर रस्सा काढला आणि सुनेला हाक मारली.

"नाही नाही," फोनमधून आवाज आला, आणि नातू अडखळत म्हणाला, "आज्जी, ती म्हणते करणाऱ्याने चाखावं. तुम्हीच."

"मी चाखत नाही म्हणून सांग."

"का, विचारते."

सून झाकण धरून उभी. ओसरीवरून दिरांचा आवाज आला, "वहिनी, अंदाजाने घाला मीठ, नेहमीसारखं. त्या बाईला काय सांगायचंय?"

मी नातवाला म्हटलं, "सांग तिला. माझा नवरा मेला म्हणून मी चाखत नाही."

त्याने सांगितलं. विहीणबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग ती एकच वाक्य बोलली आणि नातसून एकदम लाल झाली. नातू सांगेना.

"काय म्हणाली, सांग."

"म्हणते, तिचाही नवरा मेलाय. त्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला हाच रस्सा आणून खाऊ घातला."

मी पळी पातेल्यावर आपटली. सुनेने रस्सा चाखला. तिची भुवई वर गेली नाही, खालीही आली नाही. तिला काय चाखतोय तेच समजेना. "बरं आहे, आत्याबाई," ती म्हणाली. मी लाकडं आणायला न्हाणीमागे गेले. परत आले तर पातेल्याला वेगळाच रंग. जवळ गेले तर वेगळाच वास.

"काय घातलंस गे?"

"फार सपक होतं, आत्याबाई," सून रडकुंडीला आली. "पहिल्यांदा माहेरचं म्हणून मागतेय पोरगी, सपक कसं द्यायचं? म्हणून थोडी सांबाराची पूड..."

थोडी नव्हती. आमच्या घरात सांबाराची पूड थोडी कोणाला घालताच येत नाही. तिला दोष काय देणार? चवीचा कारभार मीच तिच्याकडे दिलेला, म्हणजे दिरांनी दिलेला.

दुपारी पानं वाढली. नातसुनेने पहिला घास घेतला आणि थांबली. मग हसली. बारीक बारीक घास करून खायला लागली, प्रत्येक घासाला पाणी. डोळे भरून आले होते, ते तिखटाने की कशाने ते मला बघायचंही नव्हतं. शेजारी बसून दीर तिला सांगत होते की सांबार मूळ आपल्याच लोकांनी तंजावरात काढलं, तमिळ लोकांनी नंतर उचललं. येईल त्या पाहुण्याला ते हे सांगतात. सांगता सांगता नळी ताटावर आपटत होते. ठक. ठक. ठक.

माझं डोकंच फिरलं. मी दाराशी उभी होते, तिथूनच म्हटलं, "आजपासून मी मटण शिजवणार नाही. मला चाखू दिलंत तर शिजवीन, नाहीतर नाही."

दिरांचा हात थांबला. "वहिनी, हे काय भलतंच? या वयात जिभेचे चोचले?"

"चोचले कोणाचे? तुम्ही माझ्याहून चार वर्षांनीच लहान आहात. तुमच्या तोंडात नळी आहे, माझ्या नाही."

"माळ आहे तुमच्या गळ्यात!"

"ती तुम्ही घातलीत."

"विठोबाची आहे ती."

"मग विठोबा मटणाची पिशवी घेऊन परसात येत नव्हता. तुम्ही येत होता."

नातवाने मध्ये पडायचा प्रयत्न केला. मी त्याला गप्प बसवलं. त्याची बायको त्याच्या बाहीला धरून सारखी काही विचारत होती, आणि तो तिच्या पुढ्यात दही सरकवत होता.

पुढचा रविवार आला. दीर सवयीने पिशवी घेऊन आले. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली नाही. परसातल्या दगडावर ती तशीच राहिली, मांजर हुंगायला लागलं, तेव्हा सुनेने उचलली. तिने कुकरमध्ये काहीतरी केलं. मटण चिवट आणि वरून पाणी. दिरांनी दोन घास खाल्ले आणि हॉटेलातून बिर्याणी मागवली. रात्री त्यांना पोट धरून फिरताना मी पाहिलं. ओव्याचा अर्क मागितला, तो मी दिला. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

घरात सगळे मला समजवायला लागले. मुलाचा सिंगापुराहून फोन आला, "आई, काकांचं वय झालंय, सोडून दे." माझं वय झालं नाही का रे? इतकी वर्षं तुझ्या आईच्या ताटात दहीभात बघून तुला कधी फोन करावासा वाटला नाही. हे सगळं मी त्याला बोलले. तो म्हणाला, नेट नीट नाही, आणि फोन ठेवला.

नातवाची रजा संपत आली. पोरगी अजून दहीभात आणि बिस्किटांवर होती, गालाची हाडं दिसायला लागलेली. ती बिना जेवणाची परत गेली असती तर? तिच्या आईला काय वाटलं असतं? कुंभकोणमला माझ्या पोरीला एक रस्सा नीट मिळाला नाही. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि पुन्हा सुनेच्या भुवईवर विसंबून करणंही सहन होण्यासारखं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः मटणवाल्या भाईच्या दुकानात गेले. रविवार नव्हता, दुकानात गर्दी नव्हती. "अम्मा, तुम्ही?" तो तमिळमध्ये म्हणाला. "दादा नाही आले?"

"नाही. खांद्याचं दे. आणि नळी दे, मोठी."

घरी येऊन चूल पेटवली. सून आपणहून बटाटे सोलायला बसली, सांबाराच्या पुडीचा डबा तिनेच उचलून आत नेऊन ठेवला. नातसून माझ्याशेजारी पाटावर बसली. या वेळी फोन नव्हता, विहीणबाई झोपलेली असणार. मटण पिठात घोळवून लाल केलं, कांदे, गाजरं, बार्ली, ओव्याची पानं, डिकॉक्शन. मग झाकण ठेवून वाट पाहिली. दीर ओसरीवरून दोनदा आत डोकावून गेले. वासाने की काळजीने, कोण जाणे.

मटण सुटायला आलं तेव्हा मी गळ्यातली माळ काढली. तुळशीच्या कट्ट्याशेजारी भिंतीत कंदिलासाठी एक खिळा आहे, त्याला अडकवली. दिरांनी ते पाहिलं.

"वहिनी!"

"ओरडू नका, पातेलं उकळतंय."

पळीत रस्सा घेतला, फुंकला आणि तोंडात घातला.

काय सांगू? मीठ कमी होतं. चांगलंच कमी. इतकी वर्षं माझ्या हातचं सगळे 'बरं आहे' म्हणत खात होते, आणि मीठ कमी होतं! मी मीठ घातलं, मिरी घातली, पुन्हा चाखलं, आणखी चिमूटभर घातलं. तिसऱ्यांदा चाखायची गरज नव्हती, तरी चाखलं.

पानं वाढली. नातसुनेने पहिला घास घेतला आणि मान खाली घालून जेवायलाच लागली. हसणं नाही, पाणी नाही. दुसऱ्यांदा स्वतः वाढून घेतलं. मी तिच्यासमोर माझं ताट मांडलं आणि नळी माझ्या ताटात घेतली. दीर दारात उभे होते. बसावं की जावं हे त्यांना ठरवता येईना.

"बसायचं तर बसा," मी म्हटलं. "नाहीतर बिर्याणीचं हॉटेल उघडं आहे."

ते बसले. मग बटाटा चिरडत म्हणाले, "मीठ बरोबर झालंय आज."

मी नळी ताटावर आपटली.

पोरं दुसऱ्या दिवशी गेली. माळ अजून त्या खिळ्यावरच आहे. सून रोज विचारते, आत आणू का? मी म्हणते, राहू दे. विठोबाला माझ्या गळ्यात हवी असेल तर तो बघून घेईल, दिरांनी मध्ये पडायचं कारण नाही.

काल रविवार होता. दीर परसाच्या दारात पिशवी घेऊन उभे राहिले. आत आले नाहीत, दारातच थांबले.

"नळी आणली का?" मी विचारलं.

"एकच होती भाईकडे," ते म्हणाले. "तिचे तुकडे करून घेतले, रश्श्यात चांगली लागते म्हणून..."

मी पिशवी उघडून पाहिली, बांधली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"दुसऱ्या दुकानात बघा. अख्खी आणा."

ते गेले. चूल मी तोवर पेटवली नाही.